जीआय, रंग, गंज, ऑईल आणि आर्गन वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडला शेड आहे माझं. आर्गन वेल्डिंगचं काम करतो, म्हणजे पुस्तकात ज्याला टिग म्हणतात ते, पण आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर पण आर्गनच लिहिलेलं असतं म्हणून इथं दोन्ही शब्द येतील. मिरज, तासगाव, पलूस, विटा, पार साताऱ्यापासून पोरं फोन करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच, जीआयला, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाला, बुडबुडे येतात, हातातल्या टॉर्चच्या टोकाचा टंगस्टन सारखा खराब होतो, रंगाच्या पाईपवर आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पकडत नाही. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. काही ठिकाणी लई लांब लिहिलंय, कारण तिथं नुसता जॉब खराब होत नाही, माणूस पण खराब होतो.

आर्क वेल्डिंगला गंजलेलं, रंगवलेलं सगळं चालतं, मग आर्गनलाच एवढे नखरे का?

नखरे नाहीत हो. आर्कच्या रॉडवर जे कोटिंग असतं, 6013 घ्या नाहीतर 7018 घ्या, ते जळताना स्वतःचा गॅस करतं आणि वितळलेल्या लोखंडातली बरीच घाण ओढून वर आणतं, तीच आपण नंतर हातोडीनं ठोकून काढतो ती स्लॅग. आर्गनमध्ये असलं काहीच नाही. आर्गन फक्त दारावरचा राखणदार आहे, बाहेरची हवा आत येऊ देत नाही, पण घरात आधीच जे बसलंय त्याला तो हात लावत नाही. त्यामुळं पत्र्यावर ऑईल, रंग, जस्त, गंज जे काही असेल ते सगळं पडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूच्या डबक्यात, जातं आणि तिथंच राहतं, नाहीतर फुटून बाहेर येतं आणि टंगस्टनला चिकटतं.

ही पद्धत 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विमानाच्या कारखान्यात मॅग्नेशियम जोडायला काढली, तेव्हा आर्गनच्या जागी हेलियम वापरायचे. म्हणजे जन्मच स्वच्छ धातूसाठी झालाय तिचा. भंगारातल्या अँगलवर ती चालत नाही यात मशीनची काही चूक नाही.

पिनहोल, म्हणजे वेल्डमध्ये बारीक भोकं, आली की गॅसवाला म्हणतो मटेरियल खराब, मटेरियलवाला म्हणतो गॅस खराब. खरं कसं ओळखायचं?

याला एक सोपी टेस्ट आहे आणि ती केल्याशिवाय कुणाशी भांडायला जाऊ नका. एसएस 304 चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, एक चांगला तुकडा शेडमध्ये कायम ठेवा, एसीटोननं पुसलेला, फडक्यात गुंडाळलेला. जॉबला बुडबुडे आले की त्याच सेटिंगवर, त्याच टॉर्चनं, टंगस्टन नवीन घासून त्या तुकड्यावर नुसतं पडल करा, फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, न घालता. तिथं पडल आरशासारखं शांत राहिलं तर गॅस बरोबर आहे, दोष तुमच्या जॉबच्या मटेरियलमध्ये आहे. तिथं पण फसफसलं किंवा राखाडी पडलं तर मग गॅस बघा, होज बघा, टॉर्चच्या मागच्या कॅपची ओ-रिंग बघा, पंखा चालू आहे का बघा. साताऱ्याकडची पोरं वाऱ्याबद्दल लई तक्रार करतात आणि ते खरंच आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, उघड्यावर तिकडं आर्गन टिकतच नाही. ताडपत्री बांधा.

आणि गॅसचा फ्लो वाढवून काही होत नाही. टॉर्चच्या तोंडाला सहा नंबरचा कप असेल तर मिनिटाला 8 ते 10 लिटर बास आहे. वीसवर नेला तर गॅस कपातून घुसळत बाहेर येतो आणि उलट हवाच आत ओढतो, सिलिंडर पण लवकर संपतो.

जीआय पाईप आर्गननं जोडता येतो का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. येतो, पण जस्त पूर्ण काढून. जस्त ठेवून नाही, कधीच नाही.

कारण समजून घ्या म्हणजे परत विचारायला लागणार नाही. जस्त 420 डिग्रीला वितळतं आणि 907 ला उकळतं. लोखंड वितळतंय 1500 च्या आसपास. म्हणजे तुमचं लोखंड अजून नुसतं लाल होतंय तोवर जस्त उकळून वाफ झालेलं असतं, आणि ती वाफ कुठून बाहेर पडणार, तुमच्या पडलमधून आणि पडलच्या शेजारून. म्हणून ते फुटफुट उडतं, टंगस्टनवर पिवळट पांढरं चढतं, आर्क इकडं तिकडं पळतो आणि शेडमध्ये कापसासारखी पांढरी धूळ तरंगायला लागते. ती धूळ म्हणजे झिंक ऑक्साईड.

मी काय करतो ते सांगतो. जोडाच्या दोन्ही बाजूला निदान दोन इंच फ्लॅप डिस्कनं जस्त काढतो, नुसतं चकाकतं तेवढं नाही, त्याच्या खालचा राखाडी थर पण, कारण गरम बुडवलेल्या जीआयमध्ये जस्त आणि लोखंड मिसळलेला एक थर असतो आणि तो बघायला लोखंडासारखाच दिसतो, तिथंच पोरं फसतात. ठिणगी बघा, नुसत्या जस्तावर डिस्क चालते तेव्हा ठिणगी जवळजवळ नसते, खालचं लोखंड लागलं की चांगली पिवळी ठिणगी उडायला लागते. मग पाईपच्या आतून. आतलं जस्त सगळे विसरतात. बाहेरून आरशासारखं केलेलं असतं आणि आतून वाफ येऊन रूट, म्हणजे जोडाचा तळ, फोडते, मग म्हणतात साफ करून पण बुडबुडे आले. लहान पाईपला आत रोटरी बर (फिरणारी छोटी कानस) किंवा गुंडाळलेला एमरी पेपर घाला. ग्राइंडिंग करताना पण मास्क हवा, ती धूळ पण जस्ताचीच आहे.

फिलर ER70S-6 किंवा ER70S-2 घ्या, त्यात ऑक्सिजनला पकडून ठेवणारे घटक असतात, थोडंफार राहिलेलं निभावतं. पण जस्ताला कुठलाच फिलर उपाय नाही.

आणि खरं विचाराल तर जीआयच्या गेटला, कंपाऊंडला, गोठ्याच्या शेडला आर्गन कशाला पाहिजे? तिथं 6013 चा रॉड लावा, बाहेर उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन. तिथं पण जस्त काढून. आर्गन केलं म्हणजे काम उच्च झालं असं नसतं.

जीआय केल्यावर रात्री थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. असू शकतं का?

असू शकतं, पण वेल्डिंग केलंय हे डॉक्टरांना सांगितलंत का? बहुतेक पोरं सांगतच नाहीत. त्या पांढऱ्या धुरानं येणाऱ्या तापाला मेटल फ्यूम फिव्हर म्हणतात. धूर घेतल्यावर लगेच काही होत नाही, चार ते दहा तासांनी सुरू होतं, म्हणून दिवसा केलेल्या कामाचा आणि रात्रीच्या तापाचा संबंध कुणी जोडत नाही. तोंडाला धातूसारखी किंवा गोडसर चव, घसा कोरडा, थंडी, अंग मोडून येणं. बहुतेक वेळा एक दोन दिवसात उतरतं. रोज धूर घेणाऱ्याला शरीर थोडी सवय करून घेतं आणि सुट्टीत ती सवय जाते, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो.

माझ्याकडं एक हेल्पर होता, एकोणीस वर्षांचं पोरगं. पावसाळ्यात शटर अर्धं खाली ओढून आम्ही जीआयची रॅक करत होतो, घाईचं काम होतं, मी त्याला म्हटलं वरवर घास आणि टाके मारत जा. रात्री दोन वाजता त्याच्या आईचा फोन आला, पोरगं थरथरतंय म्हणून. त्याला ॲडमिट केलं, दोन दिवसांनी बरा झाला. त्याची आई मला काही बोलली नाही, फक्त एवढंच विचारलं की याला काय लागलं होतं, आणि मला तिला नीट उत्तर देता आलं नाही, कारण तेव्हा मला पण माहीत नव्हतं. त्यानंतर मी हे सगळं शोधून वाचलं. हे लिहायचं खरं कारण ते आहे.

दम लागत असेल, छातीत दुखत असेल, दोन दिवसांत उतरला नाही तर घरी बसू नका, दवाखान्यात जा आणि काय जोडत होतो ते नावानिशी सांगा.

दूध पिऊन किंवा गूळ खाऊन काम केलं तर धूर बाधत नाही, खरं आहे का?

नाही. माझ्या उस्तादांनी पण मला हेच शिकवलं होतं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण हे चुकीचं आहे. धूर फुफ्फुसात जातो, दूध आणि गूळ पोटात जातात. सांगलीचा गूळ खावा, आवडीनं खावा, पण मास्कऐवजी नाही. रुमाल बांधून पण काही होत नाही, धुराचे कण त्यातून सहज जातात. N95 किंवा FFP2 मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा, हेल्मेटच्या आत बसतो, सवय व्हायला दोन दिवस लागतात. आणि शटर उघडं. पंखा असा लावा की धूर तुमच्या तोंडासमोरून बाजूला ओढला जाईल, आर्कवर वारा नको.

ॲसिडनं जस्त काढलं तर चालतं का?

चालतं, आतल्या बाजूला जिथं डिस्क पोचत नाही तिथं बरं पडतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात घालून पातळ करायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, पाण्यात ॲसिड. फसफसतं ते हायड्रोजन असतो, जळणारा गॅस, म्हणून उघड्यावर आणि जवळ आर्क, ग्राइंडर, बिडी काहीच नको. फसफसणं थांबलं की भरपूर पाण्यानं धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, परत धुवा, गरम करून वाळवा. ॲसिड राहिलं तर दुसऱ्या दिवशी तांबडा गंज. बाटली मशीनपासून लांब ठेवा, नुसत्या वाफेनं आसपासच्या हत्यारांना गंज चढतो. एसएसच्या जवळ तर आणूच नका ते.

जस्त काढल्यावर जोडाला गंज येणार ना?

येणार. म्हणून थंड झाल्यावर ब्रश मारून झिंक रिच पेंट किंवा कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा स्प्रे दोन हात मारा. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट ते काम करत नाही, नुसतं तसं दिसतं.

एसएसचा पाईप जीआयच्या फ्रेमला जोडलाय, वेल्ड चांगला दिसत होता पण आठ दिवसांनी चीर गेली. फिलर चुकला का?

फिलर 309L घेतला होता का? लोखंड आणि एसएस जोडायला तोच बरोबर. पण इथं बहुतेक फिलरचा दोष नाही. वितळलेलं जस्त गरम एसएसच्या कणाकणांमधल्या फटीत शिरतं आणि आतून त्याला ठिसूळ करतं, चीर कधी लगेच दिसते कधी नंतर. एसएसच्या कामात जस्ताचा कण पण नको. जीआय घासलेली डिस्क एसएसवर फिरवू नका, जीआयच्या पाईपवर ठेवून एसएस जोडू नका. माझ्याकडं एसएसचे ब्रश आणि डिस्क वेगळ्या डब्यात आहेत, लोखंडाला वापरलेला ब्रश एसएसवर फिरवला की महिन्याभरात तिथं गंजाचे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही लोकल एसएस घातलं.

पावडर कोटिंग किंवा रंग असलेल्या पाईपवर आर्कच पकडत नाही, एचएफ, म्हणजे आर्क सुरू करणारी ठिणगी, नुसती तडतडते.

पहिलं, अर्थ क्लॅम्प कुठं लावलाय? दहातल्या आठ फोनला उत्तर हेच, क्लॅम्प रंगावर. रंगातून करंट जात नाही. क्लॅम्पच्या जागी पण घासून लोखंड उघडं करा, जोडाच्या जागीच नाही.

दुसरं, जोडाच्या दोन्ही बाजूचा रंग इतका लांबपर्यंत काढा की उष्णतेनं उरलेला रंग फुगून धूर करणार नाही, पातळ पाईपला तीन चार इंच धरा. जळणारा रंग म्हणजे काय काय असतं कुणास ठाऊक असं म्हणून सोडू नका, गाड्यांच्या पॉलियुरेथेन रंगातून आयसोसायनेट निघतात, त्यानं दमा लागतो. जुन्या वाड्यांचे गेट, जुन्या खिडक्यांचे गज, त्यांच्यावर खाली भगवट लाल प्रायमर असतो, त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, पोरं जवळ खेळत असताना तर अजिबात नाही. केमिकल रिमूव्हरनं ओला करून खरवडा आणि ते खरवडलेलं गोळा करून टाका.

नवीन एचआर (गरम लाटलेली) प्लेट आहे, गंज पण नाही, तरी वेल्ड घाण येतो.

ती काळी निळसर खपली आहे ना, मिल स्केल, तो गंजाचाच भाऊ, लोखंडाचा ऑक्साईड. आर्कला चालतो, आर्गनला नाही. फ्लॅप डिस्कनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढा. सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याला खपली नसते पण गंजू नये म्हणून ऑईल लावलेलं असतं, ते पुसा. झालं.

आधी घासायचं की आधी पुसायचं?

आधी पुसायचं. नेहमी. ऑईल असताना ब्रश फिरवला तर ऑईल निघत नाही, ते ओरखड्यांमध्ये भरलं जातं आणि ब्रश पण कायमचा तेलकट होतो. आधी एसीटोन आणि स्वच्छ बनियनचं फडकं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, मग घासा, मग शेवटी परत एकदा एसीटोन. फिलरचा रॉड पण पुसा, पुसल्यावर फडक्यावरची काळी रेघ बघितली की परत कधी विसरणार नाही. थिनर स्वस्त आहे पण मागं चिकट थर ठेवतो. एसीटोन पूर्ण उडून जाऊ द्या आणि डबा झाकण लावून लांब ठेवा, लई लवकर पेट घेतो.

ब्रेक क्लीनरनं पुसलं तर? गॅरेजमध्ये तोच असतो.

थांबा. हे नीट वाचा. काही ब्रेक क्लीनर आणि डिग्रीझरमध्ये क्लोरीन असलेली सॉल्व्हंट असतात, टेट्राक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन अशी नावं डब्यावर बारीक अक्षरात असतात. ती आर्कच्या उष्णतेत आणि अल्ट्राव्हायोलेट किरणात आली की फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला गॅस आहे तो. थोडासा पण पुरतो, वास कापलेल्या गवतासारखा, आणि फुफ्फुसात पाणी व्हायला काही तासांनी सुरुवात होते, तोवर माणसाला वाटतं बरं आहे. डब्यावर नावात कुठंही क्लोरो दिसलं तर तो डबा वेल्डिंगच्या शेडमध्ये ठेवायचाच नाही. वाळलंय म्हणून चालेल असं पण नाही, खाचेत, पोकळ पाईपात राहतं. चुकून झालंच तर बाहेर मोकळ्या हवेत या आणि बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा.

पुरात बुडालेलं मटेरियल आर्गनला चालेल का?

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. परत 2021 च्या जुलैमध्ये. त्या दोन पुरांनंतर सांगलीतली किती मशीन, फर्निचरच्या फ्रेम, एसएसची भांडी, पंप माझ्याकडं आली त्याला हिशोब नाही, आणि लोकांचं गेलेलं बघून नाही म्हणवत नाही.

अनुभव असा. एसएस वाचतं, गाळ फटीतून काढून धुतलं, वाळवलं की नवीनसारखं जोडता येतं. लोखंडाचा पोकळ पाईप फसवतो, बाहेरून घासून चकचकीत होतो आणि आत गाळ आणि पाणी बसलेलं असतं, गरम झालं की वाफ जोडातून फुटते. खालच्या टोकाला भोक पाडा, पाणी काढा, गॅसच्या ज्योतीनं पूर्ण पाईप गरम करा. खड्डे पडलेला गंज असेल तर तो खड्डा तळापर्यंत उघडा करा, तळाशी तांबडा ठिपका राहिला तर तिथंच पिनहोल. आणि पत्रा इतका खाल्ला असेल की स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत जातो, तर तो कापून नवीन तुकडा घाला. गंजावर वेल्ड धरत नाही.

द्राक्षाच्या फवारणी ब्लोअरची फ्रेम जोडली, थंड होताना मधोमध चीर पडते. तीनदा केलं.

तासगावकडून हा प्रश्न दर सीझनला येतो. बागेत काय मारता ते आठवा. भुरी रोगाला गंधक आणि डाऊनी रोगाला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. गंधक लोखंडात गेला की वेल्ड घट्ट होताना मधल्या रेषेत सगळ्यात शेवटी घट्ट होणारा कमजोर थर राहतो, आणि आकसताना तिथूनच फाटतं. मोरचुदातलं तांबं पण लोखंडाला चीर पाडतं. निळसर हिरवे, पिवळे डाग दिसले की समजायचं.

आधी भरपूर पाणी आणि साबण, ब्रशनं, हातमोजे घालून, कारण कीटकनाशक पण असतं त्यावर. मग वाळवून दोन तीन इंच चांगलं लोखंड दिसेपर्यंत घासा. जुनी चीर पूर्ण कापून व्ही करा, तिच्यावरून वेल्ड ओढू नका, घाण त्या चिरेतच बसलेली आहे.

गुऱ्हाळाची एसएसची काहील गळते, जोडायला गेलं की काळं पडतं.

काहिलीच्या बुडाला रस जळून कोळशासारखा थर बसतो. तो कोळसा म्हणजे कार्बन, आणि एसएसनं गरम असताना कार्बन घेतला की त्याचा न गंजण्याचा गुण कमी होतो, वर्षभरात जोडाच्या शेजारून परत गळती. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून थर मऊ करा (डोळे सांभाळून, गॉगल लावून), धुवा, मग घासा. फिलर 308L. मागच्या बाजूनं आर्गन द्या, नाहीतर मागं साखरेसारखी खडबडीत काळी खपली येते, आणि तिथं पुढच्या सीझनला रस अडकून परत जळतो. जळणाची बाजू पण साफ करा, तिथं राख आणि काजळी असते.

ॲल्युमिनियमचं इंजिन कव्हर, गिअरबॉक्स, कितीही घासलं तरी काळे बुडबुडे वर येतच राहतात.

कास्टिंग ऑईल प्यालेलं असतं. वर्षानुवर्षं गरम ऑईलमध्ये राहून ते बारीक छिद्रांत आत गेलेलं असतं, वरून पुसून जात नाही. हा सगळ्यात चिडचिड करणारा जॉब आहे आणि यात घाई करणारा हरतो.

डिग्रीझरनं धुवा, चीर रोटरी बरनं उघडा, साधा ग्राइंडिंगचा दगड ॲल्युमिनियमला नको, त्याचे कण आत रुततात. मग गॅसच्या ज्योतीनं हळूहळू गरम करा, 150 डिग्रीच्या आसपास, ऑईल घामासारखं बाहेर येतं. ज्योत बंद करून, जॉब थंड झाल्यावर एसीटोननं पुसा, परत गरम. दोन तीन वेळा. मग एसी करंटवर कमी अँपिअरनं चिरेवरून नुसतं पडल फिरवा, काळं वर येईल, ते बरनं काढून टाका, परत फिरवा. तिसऱ्या चौथ्या वेळेला पडल चकाकायला लागतं, तेव्हाच फिलर घाला, कास्टिंगला 4043. बॅलन्समध्ये क्लीनिंगची बाजू थोडी वाढवा.

क्लीनिंग म्हणजे काय ते पण सांगतो. ॲल्युमिनियम 660 ला वितळतं पण त्याच्यावरचा ऑक्साईडचा थर 2000 डिग्रीच्या पुढं वितळतो. एसीच्या अर्ध्या भागात आर्क तो थर फोडून काढतो, जोडाशेजारी जो पांढरा मॅट पट्टा दिसतो तो त्याचाच. पण तो फक्त पातळ ऑक्साईड काढतो, ऑईल, रंग, सिलिकॉन सीलंट काढत नाही. लोक समजतात एसी आहे म्हणजे साफ करायची गरज नाही. उलट आहे, वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन पाण्यासारखा पितं आणि घट्ट होताना बाहेर टाकतं, तेच बुडबुडे. ऑईलमध्ये हायड्रोजन, ओलाव्यात हायड्रोजन. पावसाळ्यात सकाळी थंडगार जॉबवर दव असतं, आधी ज्योतीनं वाळवा.

एक सावधगिरी, काही कव्हर मॅग्नेशियमची असतात, दिसायला ॲल्युमिनियमच. घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर मॅग्नेशियम. त्याची बर आणि ग्राइंडरची धूळ पेटते आणि पाण्यानं विझत नाही, उलट भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवा.

स्लायडिंग खिडकीच्या सेक्शनवर आर्क नाचतो.

अनोडाइज केलेला असतो. तो थर मुद्दाम जाड केलेला ऑक्साईड आहे, करंट जात नाही. घासून काढा, क्लॅम्पच्या जागी पण. जोडाजवळचा रंग परत येणार नाही हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर, दाराचं हँडल आर्गननं होईल का?

बहुतेक ते जस्ताचं डायकास्ट असतं, 400 च्या आतच वितळतं. नाही होत. हातात घेतलं की ॲल्युमिनियमपेक्षा चांगलंच जड लागतं. नवीन घ्या.

क्रोमचा सायलेन्सर, पिवळसर चकाकणारे बोल्ट?

क्रोमखाली निकेल असतं, क्रोम जाळलं की हेक्साव्हॅलंट क्रोमियम निघू शकतं, कॅन्सर करणारं आहे. जोडाजवळचं क्रोम घासून काढा, मास्क लावून, आणि सायलेन्सरच्या आतली काजळी पण काढा नाहीतर वेल्ड ठिसूळ. पिवळसर सोनेरी बोल्टांवर बहुतेक झिंक असतं पण जुन्या किंवा विमान, मिलिटरीच्या भंगारातल्या बोल्टांवर कॅडमियम असू शकतं. कॅडमियमचा धूर जीव घेतो. ओळखता येत नसेल तर तो बोल्ट जोडू नका, दहा रुपयांचा बोल्ट आहे.

टंगस्टन दर दोन मिनिटाला खराब होतो, मशीन बदलू का?

मशीन नका बदलू. टंगस्टन तुम्हाला सांगतोय की खाली घाण आहे. टोकावर फुलकोबीसारखा गोळा, पिवळी पांढरी पावडर म्हणजे जस्त नाहीतर रंग. निळा काळा पडला तर गॅस लवकर बंद होतोय, पोस्टफ्लो वाढवा, दर 10 अँपिअरला एक सेकंद धरा. टोक खराब झालं की तसंच रेटू नका, तुकडा तोडा आणि लांबीच्या दिशेनं परत घासा. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, किरणोत्सारी, त्याची घासलेली धूळ श्वासात नको. मी सोनेरी, निळ्या पट्टीचे लॅन्थनेटेड घेतो, एसी डीसी दोन्हीला चालतात.

पेट्रोलची टाकी, फवारणीच्या औषधाचा ड्रम. धुऊन आणलाय म्हणतात.

रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. नुसतं धुणं पुरत नाही, शिवणीत राहिलेलं उष्णतेनं परत वाफ होतं. टाकी पाण्यानं जोडाच्या जरा खालपर्यंत भरून आणि उरलेली जागा आर्गननं हाकलून काम करतात, पण झाकण उघडं ठेवून आणि हे आधी शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. एकट्यानं, फोनवर विचारून नको. औषधाचा ड्रम मी घेतच नाही, कितीही पैसे दिले तरी.

गिऱ्हाईक म्हणतं ‘दोनच टाके तर मारायचेत’, साफसफाईचे पैसे कोण देणार?

हे खरं दुखणं. वेल्डिंग दहा मिनिटांचं आणि साफसफाई पाऊण तासाची असते, आणि समोरचा माणूस फक्त निळा उजेड मोजतो. मी आता जॉब हातात घेतला की त्याच्यासमोर एक कोपरा घासून दाखवतो, फडक्यावरचं काळं दाखवतो, आणि साफसफाई वेगळी लाईन करून बिलात लिहितो. साफ करून आणलं तर तेवढे कमी, असं पण सांगतो. निम्मे लोक घरी जाऊन घासून आणतात, खरंच आणतात, आणि मग काम बघून खूश होतात. जे म्हणतात तसंच मारा, त्यांना मी सांगतो की इथं आर्क वेल्डिंगनं बाहेर करून देतो, आर्गन नाही, आणि पोरगं मास्कशिवाय बसणार नाही. काही जण शेजारच्या शेडला जातात. जाऊ द्यायचं. तो हेल्पर आता विट्याला स्वतःचं शेड चालवतो, मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता, जीआयच्या जॉबला नाही म्हणू का विचारायला. मी विचारलं, आतून घासता येतंय का? नाही म्हणाला. मग नाही म्हण, म्हटलं.